चिंधूंची चाल

चिंधू गोंडाणे जाऊन आठ दिवस झाले होते आणि बुद्धिबळातल्या त्यांच्या चाली अजून येत होत्या. तुळशीराम सोमकुवरांनी मोबाइल दामिनीच्या टेबलावर आपटला. पांढुर्ण्याहून सौंसरपर्यंत, बसच्या सगळ्या धक्क्यांतून, त्यांनी हा राग जपून आणला होता.

"त्याचं पोरगं खेळून राहिलं," ते म्हणाले. "मेलेल्या बापाच्या नावानं. बंद कर ते खातं."

दामिनीचं सौंसरला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं, आणि उरलेल्या वेळात ती 'अडीच घरं'ची पंच होती. 'अडीच घरं' म्हणजे मोबाइलवर बुद्धिबळ खेळणाऱ्या मराठी माणसांचा कट्टा. पाच-सहा जण मिळून तो हौसेनं, बिनपगारी चालवत. एका चालीला पाच दिवसांची मुदत, त्यामुळे खेळणारे बहुतेक निवृत्त. पण नियम कडक होते. दुसऱ्याच्या नावानं कोणी खेळलं, की खातं कायमचं बंद आणि त्यातले सगळे डाव पुसून टाकायचे. चिंधूंच्या खात्यात चारशे बारा डाव होते. त्यातले बहुतेक तुळशीरामांशीच खेळलेले.

दोघं एकेकाळचे जिवलग. तुळशीराम तिगाव स्टेशनवर रूळ बदलणारे पॉइंट्समन, चिंधू सावरगावचे गवंडी. दर रविवारी तुळशीराम पांढुर्ण्यातल्या घरून जाम नदीचा पूल ओलांडून चिंधूंच्या ओट्यावर जायचे. चार वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी गप्पांच्या नादात तुळशीरामांनी आपला वजीर थेट चिंधूंच्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला. लगेच लक्षात आलं म्हणून उचलायला गेले, तर चिंधू म्हणाले, "हात सुटला, चाल झाली." आणि वजीर मारला. तुळशीरामांनी पट उलटवला आणि पुलावरून घरी आले. वजीर लाकडाचा, तोही एका बाजूनं उंदरानं कुरतडलेला. त्याच्यापायी तीस वर्षांची मैत्री गेली.

खेळ मात्र सुटला नाही. महिन्याभरात दोघंही 'अडीच घरं'वर उगवले आणि काही झालंच नाही असं दाखवत एकमेकांशी खेळू लागले. पटाखाली चार शब्द लिहायची सोय होती. चार वर्षांत दोघांपैकी कोणी एक अक्षर लिहिलं नाही. सावरगावचा पूल तुळशीरामांनी पुन्हा ओलांडला तो चिंधूंच्या अंत्ययात्रेला, आणि तेव्हाही ते सगळ्यांच्या मागे उभे राहिले.

त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी राहिलेली आपली चाल केली. उत्तर येणार नव्हतं, हे ठाऊकच होतं. आपल्या मनाच्या समाधानासाठी केली. मोबाइल खाली ठेवायच्या आत उत्तर आलं. मग चोर पकडायचा म्हणून ते खेळत राहिले. ती पहिली धरून पाच चाली केल्या आणि पाचही वेळा उत्तर तसंच तत्काळ आलं.

दामिनीनं त्यांना पाणी दिलं आणि चिंधूंच्या खात्याची नोंद उघडली. वाचता वाचता तिचा हात थांबला.

"काकाजी, कोणी दुसरं नाही खेळून राहिलं," ती म्हणाली. "हे चिंधूकाकाच आहेत."

मग तिनं समजावून सांगितलं. समोरचा अमुक चालला तर माझी चाल तमुक, असं आधीच लिहून ठेवता येतं. चिंधूंनी अशी सहा उत्तरं लिहून ठेवली होती. सगळी एकाच संध्याकाळी, नागपूरला ऑपरेशनसाठी जायच्या आदल्या दिवशी. तुळशीरामांनी एक जरी चाल वेगळी केली असती, तर सगळं तिथंच थांबलं असतं. थांबलं नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, चिंधूंची तर मेल्यावरही गेली नव्हती.

"मी काय चालीन, ते त्याले पहिलेच माहीत होतं," तुळशीराम म्हणाले. आता राग कोणावर काढायचा, हे त्यांना कळेना. इतके दिवस त्या रागानंच त्यांना उभं ठेवलं होतं.

सहावं उत्तर अजून बाकी होतं. ते काय आहे हे सांगायला दामिनीला नियमानं बंदी होती. तुळशीरामांनी चष्मा लावला. बराच वेळ विचार केला आणि घोडा चालले.

चिंधूंचा वजीर सरकला आणि तुळशीरामांच्या प्याद्याच्या तोंडी येऊन उभा राहिला. मागे कोणाचा जोर नाही, काही नाही.

दामिनीला वाईट वाटलं. आजारी माणूस, दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला जायचं. चुकलं असेल बोट. वजीर मारा म्हणजे डाव तुमचाच, असं तिनं हळूच सुचवलं.

तुळशीरामांनी चष्मा काढून डोळे पुसले. "चुकला नाही तो," ते म्हणाले. "त्यानं माहा वजीर वापस देल्ला."

त्यांनी वजीर मारला नाही. कडेचं एक प्यादं एक घर पुढे सरकवलं. आता पाळी चिंधूंची होती आणि त्यांचे पाच दिवस सुरू झाले होते. ते संपले की डाव तुळशीरामांच्या नावावर चढणार आणि गेलेल्या माणसाचा शेवटचा डाव संपला म्हणून चिंधूंचं खातं मिटणार. हे घड्याळ थांबवता येतं का, असं त्यांनी खाली मान घालून विचारलं.

पंचाला ते थांबवता येत होतं. फक्त सगळ्यांना दिसेल असं कारण लिहावं लागे, आणि ते खरं असावं लागे. दामिनीनं पटाकडे पाहिलं. मग तिनं घड्याळ थांबवलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'चिंधूकाका विचार करून राहिले.'