मूळ मांडणी

दादा गेल्यावर त्याचा एडिटिंगचा कॉम्प्युटर धाकट्या बहिणीकडे आला. गिऱ्हाइकांच्या लग्नांचे त्याचे अर्धवट राहिलेले व्हिडिओ आता तीच पूर्ण करत होती. आईने मात्र त्या दिवसापासून दादाचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

त्या दुपारी चुकून भलतंच बटण दाबलं गेलं आणि स्क्रीनवरच्या सगळ्या चौकटींचा विचका झाला. व्हिडिओचे तुकडे जोडायची टाइमलाइन तर दिसेचना. वैतागून तिने मेनूतलं ‘मूळ मांडणी परत आणा’ निवडलं.

चौकटी गुपचूप आपापल्या जागी जाऊन बसल्या.

हुश्श करून ती मागे रेलली, तर पाय जमिनीला पोचेनात. खुर्ची दादा ठेवायचा तितकी वर गेली होती. उजव्या हाताखालचा माउसही आता डाव्या बाजूला होता, डावखुऱ्या दादाला लागायचा तसा.

तिने घाबरीघुबरी होऊन मेनूत, केलेलं रद्द करणारं ‘मागे घ्या’ शोधलं. ते करडं पडलं होतं, दाबलं जाईना.

बाथरूममध्ये नळ वाहत होता. घरात त्या दोघीच होत्या, आणि आई तर समोर दारात उभी होती.

“ऊठ गं त्याच्या खुर्चीवरून,” आई अगदी रोजच्या सुरात म्हणाली. “हात धुऊन येतोय तो.”

नळ बंद झाला.