कडुलिंबावरचा मान

कडुलिंबावर अडकलेली मांजर उतरवली म्हणून अकोटच्या आमच्या कॉलनीनं गजेंद्रचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, आणि तेव्हापासून शेजारच्या वसंतराव वकिलांना अन्न गोड लागेना.

“मांजरच तं उतरवली, वाघ थोडीच उतरवला!” ते भेटेल त्याला ऐकवत.

रविवारी मांजर पुन्हा वर अडकली. गजेंद्रला कळायच्या आत वसंतरावांनी पायजमा खोचला आणि स्वतःच चढले. त्यांना पाहताच मांजर भिंतीवर उडी मारून निघून गेली. वकीलसाहेब मात्र फांदीला मिठी मारून बसले.

“अरे, कोनी गजेंद्रले बोलवा ना!” शेवटी त्यांनीच हाक मारली. गजेंद्रनं त्यांना पाठीवर घेऊन अलगद उतरवलं.



संध्याकाळी गजेंद्रचा दुसरा सत्कार झाला, वसंतरावांच्या हस्ते.