शेवटच्याने पुसायच्या खुणा

“उद्या सकाळी हे सगळं पाडायला मशीन येणार, आणि तुम्ही अजून भांडीसुद्धा बांधली नाहीत?” मुख्यालयातून आलेले साहेब स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाले.

मावशींनी पातेल्यावर झाकण ठेवलं. “माझं काय हो, मी आत्ता निघेन. यांचं काय करू ते सांगा.”

‘हे’ म्हणजे शिबिराचे काका. मैदानाची राखण, तंबूंची डागडुजी, ध्वजस्तंभाची दोरी, सगळं त्यांच्याकडे. या नवराबायकोला इथं नावानं कुणी हाक मारलीच नाही. उन्हाळी शिबिराला आलेल्या बालवीरांच्या कितीतरी पिढ्या मावशींच्या हातचं जेवून आणि काकांचा ओरडा खाऊन मोठ्या झाल्या.

कवायतीच्या एका निवृत्त मास्तरांनी हा माळ कुणाकुणाच्या हातापाया पडून मिळवला होता. पहिल्या वर्षी मुलांनी नुसते दगडच वेचले. शेकोटीभोवतीचा कट्टा त्याच दगडांचा. पुढे तंबू ठोकायला जागा पुरेना अशी गर्दी व्हायला लागली. मग मुलांना सुट्टीत करण्यासारखं दुसरं पुष्कळ मिळालं आणि कोठीत तंबू कुजत पडले. आता इथं गोदाम होणार होतं. मालाला काय, शिट्टी वाजवून उठवावं लागत नाही.

“काका नाही म्हणतात का?” साहेबांनी विचारलं.

“तोंडानं काही म्हणत नाहीत. पण रोज सकाळी खुणा मांडायला जातात. तुम्हाला ठाऊक आहे ना.”

साहेबांनी मान खाली घातली. ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

माग काढण्याचा खेळ इथला जुना. पहिल्या टुकडीनं रानात दगडांचे बाण मांडत जायचं, मागच्यांनी ते बघत यायचं आणि सगळ्यात शेवटच्या टुकडीनं खुणा पुसत यायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणाची दिशाभूल व्हायला नको. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा शेवटच्या टुकडीनं काम चोख केलं. एक खूण ठेवली नाही. काका-मावशींचा एकुलता एक मुलगा, झाडावर सरसर चढायचा म्हणून सगळे त्याला खारू म्हणायचे, तो मात्र बुटाची नाडी बांधत त्यांच्याही मागे राहिला होता.

दरीच्या कडेला त्याचा स्कार्फ सापडला. खाली वळवाच्या पावसानं नदी फुगलेली होती. मावशींना तेव्हाच कळून चुकलं.

काका मात्र दुसऱ्या सकाळी रानात गेले आणि दरीपासून मैदानापर्यंत बाण मांडत आले. तिसऱ्या सकाळीही गेले. मावशी अंथरुणाला खिळल्या होत्या. एका संध्याकाळी त्या कशाबशा उठल्या आणि बघायला गेल्या. ते बाण तसेच पडलेले त्यांना बघवेनात. त्यांनी एकेक दगड बाजूला केला. दुसऱ्या सकाळी काका रानातून परतले आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

खुणा पुसल्या, म्हणजे त्या बघत कुणीतरी आलं, असं काकांना वाटलं असणार. मावशी काय ते समजल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी, भांडी आवरली की, त्या हळूच जायच्या आणि खुणा पुसून यायच्या. ताप असला तरी जायच्या. त्यांना या जागेचा भयंकर राग होता. बहिणीनं किती वेळा बोलावलं. “जायचं का?” काका विचारायचे. “तुम्ही म्हणाल तसं,” मावशी म्हणायच्या. “नको, तू म्हणशील तसं,” काका म्हणायचे. आणि त्यांच्या जिवावर येतंय असं वाटून मावशी विषय बदलायच्या.

अलीकडे माग फार आखूड झाला होता. दरी राहिली लांब, बाण पाण्याच्या टाकीपाशीच सुरू व्हायचे. काकांची कंबर धरत असेल, असं मावशींना वाटे.

“उचलून न्यावं लागलं तर बरं दिसेल का, मावशी?” साहेब म्हणाले. “या वयात?”

“नका. मी करते काहीतरी.”

त्या संध्याकाळी मावशी खुणा पुसायला गेल्या नाहीत. कट्ट्यावर बसून राहिल्या. आपण पोराला दुसऱ्यांदा मारतोय असं त्यांना वाटलं. पण खुणा तशाच दिसल्या की यांची आशा सुटेल आणि हे गाडीत बसतील, दुसरा इलाज नव्हता. रडून झाल्यावर त्यांनी भांडी बांधायला घेतली.

सकाळी काका रानातून परत आले. बूट झटकून दाराशी ठेवले आणि पाटावर बसले. मावशींनी चहा पुढे केला. त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना.

“खुणा तशाच आहेत,” काका म्हणाले.

“हं.”

“पुसल्या नाहीस.”

मावशींचा हात कपावरच राहिला. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“तुझ्या चपलेचा ठसा मला कळत नाही होय? पहिल्या दिवशीच कळलं. म्हटलं, उठली एकदाची. पोराच्या मागावर का होईना, हिंडते-फिरते आहे, जगेल.” त्यांनी चहा संपवला. “मी स्कार्फ हातात घेतला तेव्हाच समजलो होतो, आता काही नाही. पण तू अंथरूण धरलेलं, तुला आशा राहावी म्हणून बाण मांडत गेलो. तुझा जीव पोरात अडकलेला, तुला कसं सांगणार?”

बाहेर मशीनची घरघर ऐकू यायला लागली. काकांनी उठून पातेल्यांचं गाठोडं खांद्यावर घेतलं आणि दुसरा हात मावशींना उठायला दिला.

“गुडघे सुजायचे, तरी जायचीस,” ते म्हणाले. “म्हणून मग मी टाकीपासूनच मांडायला लागलो.”