शँपेन आणि कडक भाकरी

बूच हलायला लागलं तसं शिवपुत्रानं त्यावर ओलं फडकं दाबून धरलं. आवाज होता कामा नये. पलीकडे त्याची आई, अव्वा, भाकऱ्या थापत होती आणि मधे एकच भिंत होती. तीही आढ्यापर्यंत न पोचलेली.

बाटली फ्रान्सची होती. पांढऱ्या द्राक्षांची, फेसाळणारी शँपेन. लेबलावर १९२३ असा आकडा. कँपातल्या पारशी दुकानदाराकडून ती उपरण्याखाली लपवून त्यानं शुक्रवार पेठेत आणली होती. कॉलेजात शास्त्र शिकलेला माणूस. आत केवढा दाब कोंडलेला असतो हे त्याला ठाऊक होतं. पाणी तापलं की वायू त्यात थांबायला तयार नसतो. म्हणून सकाळपासून बाटली न्हाणीतल्या रांजणात बुडवून ठेवली होती. सोलापूरच्या वैशाखात ती याहून गार होणार नव्हती.

खाटेवर त्याची बायको महादेवी पडली होती. विषमज्वर उतरला, पण पोटात काही ठरेना. पेज दिली की बाहेर, ताक दिलं की बाहेर, साधं पाणीसुद्धा बाहेर. काल डॉक्टरांनी अंगात पाणी किती उरलंय ते बघायला तिच्या मनगटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. मग त्यांनी शिवपुत्राला अंगणात नेलं.

"एकच उपाय दिसतो. गार शँपेन, चमचा-चमचा. सोबत काहीतरी कोरडं, कुरकुरीत, खारट. गोड अजिबात नको; गोडापुढं ती नुसती आंबट लागते. मीठ तो आंबटपणा मारतं. साहेबलोक बिस्किट देतात."

"आणि न्हाई जमलं तर?"

डॉक्टर टोपी घालून निघाले.

बिस्किटात अंडं. ते या लिंगायत घरात चालणारं नव्हतं. पण कडक भाकरी होती. कागदासारखी पातळ, खडखडीत वाळवलेली ज्वारीची भाकरी. ती अव्वानंच करावी. "डॉक्टरनं सांगितलीया, मीठ घालून," एवढंच त्यानं आईला सांगितलं. शांतम्मानं त्याच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं आणि पीठ काढलं.

दारू पिऊन आलेल्या सख्ख्या भावाला तिनं एकदा उंबऱ्यावरूनच परत धाडलं होतं. त्यानंतर त्याचं नाव घरात निघालं नाही. गळ्यातल्या लिंगाला दाखवल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे. दाखवलं की तो प्रसाद, आणि प्रसादाचा कणही टाकायचा नाही. जेवण झालं की ताट धुऊन ते पाणीही ती पिऊन टाकी. महादेवी तिच्याच हाताखाली तयार झालेली सून होती.

ठो! फडक्यातून निसटून बूच आढ्याकडे गेलं. फेस शिवपुत्राच्या मनगटावरून ओघळला. पलीकडचा भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

त्यानं घाईघाईनं वाटी भरली आणि चमचा महादेवीच्या ओठांशी नेला.

"तोंड उघड."

तिला वास आला. "लिंगाला दाखवलंय?"

"न्हाई."

"मग मला नको."

"अगं, मरशील की! बरं, दाखव आणि घे."

"असलं कसं दाखवू, अहो?" एवढं बोलूनच तिला धाप लागली. तिनं ओठ घट्ट मिटले.

वाटीत बुडबुडे वर येत होते आणि फुटत होते. शिवपुत्र ते बघत राहिला.

"कसला आवाज झाला?" दारात शांतम्मा उभी होती. एका हातात भाकरीचं ताट, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली.

"सोड्याची बाटली, अव्वा."

"सोड्याला गोळी असती." तिनं मूठ उघडली. "हे माझ्या पिठात येऊन पडलं."

पिठानं माखलेलं बूच होतं.

ती पुढे आली. वाटी उचलून तिनं वास घेतला आणि तिचा चेहरा कठीण झाला. शिवपुत्र मधे आडवा आला. "अव्वा, डॉक्टरनं..."

"गप."

तिनं सुनेचा हात हातात घेतला. कातडी चिमटीत धरली, सोडली. ती तशीच उभी राहिली. शांतम्मा तिच्याकडे बघत राहिली.

मग ती भिंतीकडे तोंड करून बसली. गळ्यातली चांदीची डबी उघडून तिनं लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि उजव्या हातानं वाटी त्याच्यासमोर धरली. ओठ हलले. वळून तिनं वाटी सुनेपुढे केली.

"घे. आता परसाद हाय. परसादाला न्हाई म्हणायचं नसतं."

एक चमचा. भाकरीचा एक तुकडा. कुरकुर आवाज झाला. पुन्हा चमचा. महादेवीच्या गळ्यात काहीतरी हललं. शिवपुत्रानं ओकारीचं तस्त पुढे ओढलं. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला, विरला. तस्त कोरडंच राहिलं. महादेवीनं आपणहून तोंड उघडलं.

थोड्या वेळानं तिला झोप लागली. वाटीच्या तळाशी दोन घोट उरले होते. ते मोरीत ओतायला शिवपुत्र उठला. शांतम्मानं त्याचं मनगट धरलं. वाटी तोंडाला लावून तिनं रिकामी केली, पाणी घालून विसळली, तेही प्यायली. तोंड वेडंवाकडं झालं.

"लई आंबट हाय की," ती म्हणाली. "उद्याच्या भाकरीला मीठ वाढवते."