पंचफुलाबाईंचे बोल

सौंसरची तृप्ती गाणी स्वतः लिहायची, स्वतःच गाऊन मोबाइलवर टाकायची. पण बोल सगळे सासूच्या तोंडचे. "भाजी करून राहिली का कपाशीचा फवारा कालवून राहिली वं?" या टोमण्यावरचं गाणं पार नागपूरपर्यंत वाजलं, आणि त्याच दिवसापासून पंचफुलाबाईंनी टोमणे मारणंच बंद केलं.

शनिवारी पांढुर्ण्यात नवं गाणं म्हणायचं कबूल केलेलं, आणि दोन महिन्यांत एक ओळ सुचली नव्हती. शेवटी तृप्तीने सासूच्या चहात साखरेऐवजी चमचाभर मीठ घातलं आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून समोर बसली.

पंचफुलाबाईंनी कप तळापर्यंत रिकामा केला, पदराने तोंड पुसलं आणि मोबाइलकडे बघत म्हणाल्या, "लय गोड झाला वं बाई. आखीन अर्धा कप हाये का?"