शीळ

"रेणू जोडायची तुमची ती पद्धत आता कुणीच वापरत नाही, सर," पुण्याच्या प्रयोगशाळेत शाल्मलीने आपल्या जुन्या गुरूंना ओशाळून सांगितलं.

इंग्लंडहून आलेल्या म्हाताऱ्या प्रोफेसर हॅलिवेलनी जायला म्हणून काठी उचलली. त्या पद्धतीपायी त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं.

निघताना ते दारात थबकले. द्रावणात स्फटिक धरावेत म्हणून एक विद्यार्थिनी काचेच्या कांडीने फ्लास्क आतून खरवडत होती आणि खरवडता खरवडता शीळ घालत होती. शेवटी घसरणारी ती बेसूर शीळ त्यांचीच होती; फ्लास्क खरवडताना ते नेहमी तीच घालायचे.

"शीळ कशाला?" त्यांनी विचारलं.

"त्याशिवाय स्फटिक येतच नाहीत, सर. मॅडमनीच शिकवलंय."

शाल्मली गोरीमोरी झाली.

हॅलिवेल फ्लास्कवर वाकले. "शेवटी आणखी घसरायला हवं," म्हणत त्यांनी ओठांचा चंबू केला.