वेळेवर

"माझी बकरी आधी हाय," राही म्हणाली. "गोगलगाईचा नंबर माझ्यामागं."

शहापूरच्या गुरांच्या दवाखान्यात बाकावरचे सगळे हसले. जगन हसला नाही. त्याने मांडीवरच्या स्टीलच्या डब्याचं झाकण जरासं उचललं, आत पाहिलं आणि पुन्हा टेकवलं.

"जा गो तूच पुढं. पन लवकर कर. ही थांबायची नाय."

राहीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि बकरीचं दावं आवरून घेतलं. "जा दादा, तूच जा. माझीला नुसती खरूज हाय."

आत मदतनीस दिपेश रजिस्टर उघडून बसला होता. "काय लिहू मॅडम? गाईंच्या रकान्यात टाकू?"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी डबा उजेडाला घेतला. ओल्या फडक्यावर मुठीएवढी शंखी गोगलगाय पडली होती.

"खरं सांगते आबा, हिच्यावर उपचार आम्हाला कुणी शिकवलेले नाहीत. शेतीखात्याचं पत्रक येतं ते हिला मारायचं कसं, त्याचं."

"तरी बघा," जगन म्हणाला, आणि न थांबता सांगत गेला. "सोमवारी काकडी अर्धी ठेवली. मंगळवारी एका जागेवरच. काल शंखाच्या काठाला कोंडा धरलेला, नखानं निघत व्हता. आज सकाळी शिंगं बाहेर काढली ती आत घेईना. बोट लावलं तरी नाय घेतली."

"इतकं बारीक तर म्हशीवाले पण सांगत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"उशीर नाय ना झाला?"

"नाही. वेळेवर आणलीत."

जगनने डोळे मिटले. बायकोला, गोजरला, नेलं तेव्हा कल्याणच्या डॉक्टरचं पहिलंच वाक्य होतं, आणायला उशीर केलात. गोजर पोट दाबून धरते हे शेजारच्या बायांना महिनाभर ठाऊक होतं. रोज तिच्यासमोर जेवायला बसणाऱ्या नवऱ्याला नव्हतं. ही गोगलगाय तिचीच. न्हाणीतून उचलून तिने फुटक्या बादलीत माती घालून ठेवलेली. गोजर गेली त्या दिवसापासून जगन सकाळ-संध्याकाळ बादलीपाशी उकिडवा बसत होता.

डॉक्टरीणबाईंनी गोगलगाय अलगद उलटी केली. खालच्या मऊ अंगावर पांढरे चट्टे होते.

"पोळल्यासारखं दिसतंय. खायला काय दिलंत?"

"काकडी. दुधीची साल. आनि काल चुना."

"चुना?"

जगनने कोपरीच्या खिशातून तंबाखूच्या चुन्याची डबी काढून दाखवली. "शंख झिजत व्हता ना. चुन्यानं हाड भरतं. गोजर पोटुशी असताना माझी आई तिला ताकातून द्यायची. काकडीला लावला. थोडा शंखाच्या काठालाबी."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले. त्यांनी दिपेशला कोमट पाणी आणायला सांगितलं. ड्रॉपरने थेंब थेंब सोडत त्यांनी ते अंग धुतलं. पाणी बदललं, पुन्हा धुतलं. दिपेश न सांगता तिसऱ्यांदा पाणी घेऊन आला. गोगलगाय आक्रसली नाही. शंखाला आतून धरून असलेली मांसाची कड एका बाजूने सुटून पाण्यात लोंबली.

"येईल ना जागेवर?" जगनने विचारलं.

"ही कड एकदा सुटली की परत धरत नाही, आबा."

"पन वेळेवर आनली."

"हो."

"मग?"

डॉक्टरीणबाई त्याच्या हातातल्या डबीकडे बघत होत्या. त्यांनी नजर काढून घेतली, पण तेवढ्यात त्याला कळलं.

जगनने डबी टेबलावर ठेवली. मग ती तिथे नको म्हणून उचलली. खिशात घालायला गेला आणि तशीच हातात धरून राहिला.

"काय घालायचं व्हतं?"

"अंड्याची टरफलं. कुटून."

कालच त्याने दोन अंडी तव्यावर फोडली होती. टरफलं उकिरड्यावर गेली होती.

"नि मी हिच्याकडं बघितलंच नसतं तर?"

दिपेश रजिस्टरात डोकं घालून बसला. डॉक्टरीणबाईंनी ओल्या गॉजची घडी डब्यात अंथरली आणि गोगलगाय तिच्यावर ठेवली.

"शंख हळूहळू झिजत गेला असता," त्या म्हणाल्या. "काढले असते तिने काही महिने."

भातसानगरला परत नेणारी जीप अजून भरायची होती. जगन दवाखान्याबाहेरच्या पायरीवर बसला. थोड्या वेळाने राही बाहेर आली. बकरीच्या अंगाला औषधाचा उग्र वास येत होता.

"काय रे दादा, काय बोलली मॅडम? हलते का?"

जगनने झाकण काढलं, डबा तिच्यापुढे धरला आणि मान रस्त्याकडे फिरवली.

"तू बघ गो," तो म्हणाला. "मी नाय बघत."